चोवीस तासांचं फळ

२०२२च्या दिवाळीत रेशनच्या दुकानांतून ‘आनंदाचा शिधा’ मिळाला होता, तो आपल्याला आठवत असेल. १०० रुपयांत रवा, चणाडाळ आणि साखर एकेक किलो, वर एक लिटर पामतेल. ज्यांनी ती पिशवी घेतली नाही, त्यांच्याही घरात पामतेल असतंच. फरसाण, बिस्किटं, साबण अशा वाटांनी ते येतं. जगात सर्वांत जास्त पामतेल आयात करणारा देश आपलाच आहे आणि त्यातलं बहुतेक तेल इंडोनेशिया-मलेशियातून येतं.

ऑइल पाम हे झाड मुळात पश्चिम आफ्रिकेतलं. डचांनी १८४८मध्ये त्याची चार रोपं जावातल्या बोगोरच्या बागेत लावली. त्याला केशरी-तांबूस फळांचे गच्च घड लागतात. एकेक घड वीसेक किलोंचाही भरतो. सुटी फळं खाली पडू लागली की घड पिकला. मग लांब दांड्याला कोयता बांधून तो तोडायचा. सुटी फळं वेचायचं काम बरेचदा बायकांकडे असतं. नवऱ्याचा दिवसाचा कोटा भरावा म्हणून कित्येकजणी बिनमजुरीच्या राबतात.

खरी मेख पुढेच आहे. घड तुटला की फळातली आम्लता वाढू लागते, म्हणून साधारण २४ तासांत तो गिरणीत पोचवावा लागतो. म्हणजे गिरणी जवळ हवी, आणि ती चालायची तर भोवती हजारो हेक्टर एकच झाड हवं. जंगलं गेली ती या हिशेबात. दलदलीच्या पीटच्या, म्हणजे कुजक्या पालापाचोळ्याच्या थरांच्या, जमिनीतून कालवे खणून पाणी काढलं, सुकलेली जमीन पेटली. एकट्या २०१५मध्ये इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर जळालं, धूर सिंगापूरपर्यंत गेला. आणि छोट्या शेतकऱ्याने गिरणीचा भाव पटला नाही तर काय करायचं? माल परत नेला तर उद्या त्याची किंमत आणखी उतरणार.

आपल्या नारळाची गोष्ट वेगळी. पाडेल्याने उतरवलेला नारळ माळ्यावर महिनोन्‌महिने राहतो. कानाशी धरून हलवला आणि आतला गोटा खडखडला, की खोबरं तयार. बागायतदाराला भावासाठी थोडं थांबता येतं. पण म्हणून नारळाला अगदीच सोवळा ठरवू नये. पॅसिफिकमधल्या कित्येक बेटांवरचं मूळचं जंगल माडांनीच गिळलं. फिलिपिन्समध्ये हुकूमशहा मार्कोसच्या राजवटीत नारळ-शेतकऱ्यांकडून लेव्ही वसूल झाली, ती मर्जीतल्या लोकांच्या उद्योगांत मुरली. त्या पैशाचा निधी शेतकऱ्यांसाठी उभा करणारा कायदा व्हायला २०२१ उजाडलं. तिथला नारळवाला आजही गरीबच आहे.

पामतेलावर बहिष्कार घाला, असं आपल्याकडची सुखवस्तू मंडळी म्हणतात. मला ते पटत नाही. ऑइल पाम हेक्टरी तीन टनांहून जास्त तेल देतो, सोयाबीन जेमतेम अर्धा टन. तळण तेवढंच राहिलं, तर दुसऱ्या पिकातून तेवढ्याच तेलासाठी कितीतरी जास्त जमीन लागेल, आणि तीही कुठलं तरी रान तोडूनच काढली जाईल.

आता हे झाड आपल्याच देशात वाढवायचं ठरलं आहे. त्यासाठी ऑगस्ट २०२१मध्ये केंद्राने ११,०४० कोटींचं अभियान मंजूर केलं. त्यात भर आहे ईशान्य भारतावर आणि अंदमानवर. मिझोरामने ही लागवड त्याआधीच करून पाहिली होती. डोंगर उताराचे, रस्ते पावसात वाहून जाणारे आणि गिरणी लांब. घड वाटेतच नासू लागले, काहींनी बागा सोडून दिल्या. रोपांचं अनुदान वाटायच्या आधी सरकारने गिरणी कुठे होणार आणि तिथवर बारमाही रस्ता आहे का, एवढं तरी जाहीर करावं. रोप लावल्यावर फळ धरायला तीन-चार वर्षं जातात. तेवढ्या अवधीत रस्ता होईल, या भरवशावर डोंगरातल्या माणसाने आपलं भाताचं शेत मोडू नये.