दरवाजा गेला, नाव राहिले

श्रोतेहो, आमच्या माहुलकडचा माणूस शहरात जाऊन आला की "चर्चगेटला गेलो होतो" असे सहज सांगतो. तिथे स्टेशन आहे, गर्दी आहे. गेट मात्र नाही. मग हे नाव आले कुठून?

मुंबई एके काळी तटबंदीचे शहर होते. जुनी माणसे फोर्टाला 'कोट'च म्हणत. १७१५ नंतर गव्हर्नर बून यांच्या काळात हा कोट उभा राहिला. त्याला जमिनीच्या बाजूने तीन दरवाजे: उत्तरेस बझारगेट, दक्षिणेस अपोलो गेट आणि पश्चिमेस, सेंट थॉमस चर्चच्या वाटेवर, चर्चगेट. आपल्या गावाला वेस असते ना, तशीच ही शहराची वेस म्हणा.

आता गंमत ऐका. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. माहीमच्या खाडीपलीकडे मराठ्यांचे राज्य आले! इंग्रजांच्या पोटात गोळा उठला. कोटाभोवती खंदक खणायचे ठरले आणि शहरातल्या व्यापाऱ्यांनी त्यासाठी ३०,००० रुपये वर्गणी काढली. एवढ्या खर्चाच्या त्या खंदकावर मराठे कधी चालून आलेच नाहीत.

शत्रू आला नाही, पण तटाच्या आत माणसे मावेनाशी झाली. घराला घर चिकटले. १८०३ साली कोटात मोठी आग लागली आणि शेकडो घरे जळाली. त्यानंतर पुष्कळ वस्ती तटाबाहेर सरकली. मधली जागा मात्र तोफांच्या माऱ्यासाठी मोकळी ठेवलेली होती. आजची आझाद मैदान, ओव्हल ही मैदाने त्याच मोकळ्या जागेतून राहिली.

१८६२ साली सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर झाले. अमेरिकेतल्या यादवीमुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. शहराला रस्ते हवे होते, हवा हवी होती. तट पाडला, दरवाजेही पाडले. तट पाडणे भागच होते, असे माझे मत आहे. पण तीनांतला एकसुद्धा दरवाजा राखू नये, हे काही पटत नाही. दगड काय रस्ता अडवत होता? वळसा घालून रस्ता नेता आला असता.

चर्चगेटच्या जागी १८६४ साली फ्लोरा फाउंटन बसले. १९५५ च्या नोव्हेंबरात संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसांनी गोळ्या झेलल्या, त्या याच ठिकाणी. म्हणून आज तो हुतात्मा चौक. स्टेशन तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. त्याने फक्त नाव घेतले.

शिक्षकांनी मुलांना सहलीला आणले, तर सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातही न्यावे. कोटाला मागाहून जोडलेल्या फोर्ट जॉर्जच्या भिंतीचा एक तुकडा तिथे अजून उभा आहे. मुलांना हात लावून पाहता येईल.