खाडीवरील पाखरांचा पहारा



पक्षी थव्याने का राहतात, असे विचारताच वर्गातून ‘एकीचे बळ’ हे उत्तर येते. उत्तर गोड आहे, पण अपुरे आहे. कोकणच्या खाड्यांवर हिवाळ्यात येणारा लाल पायांचा टिलवा पाहा. स्कॉटलंडमधील टिनिंगहॅम येथे त्याचा दीर्घकाळ अभ्यास झाला आहे. तेथे शिक्र्याच्या कुळातील एक शिकारी पक्षी झाडीआडून त्याच्यावर अचानक झडप घालतो. सावध राहण्यास मान वर हवी. मात्र मान वर असेतो पोटात काही जात नाही. मोठ्या थव्यात डोळे पुष्कळ असल्याने प्रत्येकाचा पहारा हलका होतो. शिवाय एका झडपेत बळी एकच जातो. परंतु शेजाऱ्यांपासून दूर चरणाऱ्या टिलव्यावरच झडप अधिक पडते, असे क्विन व क्रेसवेल यांनी २००६ साली दाखविले.

मग सर्वच खेटून का चरत नाहीत? कारण एकाच्या पावलांनी दुसऱ्याचे भक्ष्य चिखलात दडते. भूक व भय यांचा हा हिशेब प्रत्येक पाखरू आपापल्यापुरता करते. पहिल्याच हिवाळ्यातील पाखरे झाडीजवळच्या खारट गवतात चरतात आणि तेथेच अधिक बळी पडतात.

खाडीकाठच्या शाळांनी हे अवश्य पाहावे. एकच पक्षी निवडून तो मिनिटात किती वेळा मान वर करतो, हे मुलांनी मोजावे. एकटा व थव्यातला, असे दोन्ही आकडे पाटीवर मांडावेत. जवळ मात्र जाऊ नये. आपल्यामुळे थवा उडाला की त्यांचे खाणे बुडते. ओहोटीची वेळ गावच्या कोळ्यांना विचारावी.