पोटरी का धरते?
(स्नेहमेळाव्याच्या पहिल्या दिवशी दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'आरोग्याच्या चार गोष्टी सांग' म्हणून उभं केलंय. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल हे शब्द आता आपल्याला पाढ्यांपेक्षा पक्के पाठ आहेत. म्हणून मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे, पायाच्या रक्तवाहिन्यांवर. त्याला कारण आहे आणि ते कारण इथे पहिल्या रांगेत बसलंय: आपल्या कबड्डी संघाचा कप्तान. त्याला विचारूनच बोलतोय. खरं तर त्यानेच दम दिलाय, "हे बोलला नाहीस तर जेवायला शेजारी बसणार नाही."

काही वर्षांपूर्वी कप्तानाचा मला फोन आला. म्हणाला, "अरे, पोवई नाक्यावरून राजवाड्यापर्यंत चालताना दोनदा थांबावं लागतं. उजवी पोटरी धरते. दोन मिनिटं थांबलो की मोकळी होते, पुन्हा चाललो की पुन्हा तेच." मी हसून म्हणालो, "वय झालं आपलं. वजन कमी कर." मग आम्ही अर्धा तास शाळेच्या गप्पा मारल्या. मी सर्जन आहे. त्याने एका वाक्यात आजाराचं निदान माझ्या हातात दिलं होतं आणि मी ते मित्र म्हणून ऐकलं, डॉक्टर म्हणून ऐकलं नाही.

आता तो आजार समजून घेऊ. विज्ञानाच्या तासाला बाईंनी रोहिणी आणि नीला शिकवल्या होत्या. हृदयाकडून शुद्ध रक्त नेते ती रोहिणी. पोटातली मुख्य महारोहिणी साधारण बेंबीच्या पातळीला दुभंगते आणि एकेक फाटा एकेका पायात उतरतो. मांडीतून गुडघ्यामागे, तिथून पोटरीत आणि शेवटी पावलात. आपल्याकडच्या शेतकऱ्याला 'टेल'चं दुखणं सांगावं लागत नाही. पाटात वर कुठे गाळ साठला की शेवटच्या शेताला पाणी पोचत नाही. पाऊल म्हणजे शरीराचं टेल.

हा गाळ म्हणजे रोहिणीच्या आतल्या अस्तरात वर्षानुवर्षं साठलेली चरबी आणि कॅल्शियम. बसून असताना जेमतेम रक्त पुरतं. चालताना पोटरीच्या स्नायूला कितीतरी जास्त लागतं, ते मिळत नाही, म्हणून पोटरी धरते. थांबलं की मागणी कमी होते आणि दुखणं जातं. फ्रान्समधल्या बूले नावाच्या पशुवैद्याने १८३१ साली हे एका घोड्यात पाहिलं होतं आणि शार्को यांनी १८५८ साली माणसात. म्हणजे लक्षण नवं नाही, आपण ते मनावर घेत नाही एवढंच.

कारणं कोणती? पहिलं, तंबाखू. विडी-सिगारेट हा पायाच्या रोहिण्यांचा सगळ्यात मोठा शत्रू. दुसरं, मधुमेह. मग वाढलेलं बीपी, कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडाचा आजार आणि वय. आणखी एक निराळा आजार आहे, बर्गरचा. तो तरुण वयात, बहुतेक करून विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना होतो. हातापायांच्या लहान रक्तवाहिन्या सुजून बंद होतात. त्यावर खात्रीचा उपाय एकच, तंबाखू पूर्ण बंद. दिवसाला एक विडीसुद्धा चालत नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण आपल्या खिशातल्या पुडीवर बंदी आपणच घालायची. बायकांनो, मशेरी म्हणजेही तंबाखूच.

पोटरीचं प्रत्येक दुखणं हेच असतं असं नाही. मणक्याची नस दबली असेल तर नुसतं उभं राहून बरं वाटत नाही, बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. नीला फुगल्या असतील तर उभं राहून पाय जड होतात आणि पाय वर ठेवले की हलके वाटतात. रोहिणीचं दुखणं ठरावीक अंतर चालल्यावर येतं आणि नुसतं थांबलं की जातं. अडथळा वर, कमरेच्या पातळीला असेल तर हेच दुखणं कुल्ल्यात किंवा मांडीत येतं.

दुर्लक्ष केलं की पुढची पायरी म्हणजे रात्रीचं दुखणं. आडवं झालं की पाऊल ठणकतं, पाय पलंगाखाली लोंबता सोडला की जरा बरं वाटतं. असा माणूस खुर्चीत बसून रात्र काढतो. त्यानंतर न भरणारी जखम, मग गँगरीन. कधी कधी रक्ताची गुठळी अडकून पाय अचानक गार पडतो, पांढरा पडतो, बधिर होतो, बोटं हलत नाहीत. तेव्हा सकाळची वाट पाहायची नाही. साधारण सहा तासांत रक्तपुरवठा सुरू झाला नाही तर पाय वाचवणं अवघड होतं.

मधुमेहात आणखी एक फसवणूक आहे. पायाची संवेदनाच गेलेली असते, त्यामुळे दुखतच नाही. कप्तानाला दहा वर्षांचा मधुमेह आणि कॉलेजपासूनची सिगारेट. त्या फोननंतर दीड वर्षाने नवी चप्पल लागली. अंगठ्याला फोड आला. घरच्यांनी हळद लावली. पाय गार लागतो म्हणून गरम पाण्याच्या पिशवीने शेकला. त्यात चटका बसला, तोही कळला नाही. माझ्याकडे आला तेव्हा तीन बोटं काळी होती आणि जंतुसंसर्ग वर चढला होता. बायपासचा प्रयत्न झाला, पण उशीर झाला होता. गुडघ्याखाली पाय काढावा लागला. शुद्धीवर आल्यावर तो मला म्हणाला, "फोनवर तू नुसतं 'येऊन दाखव' म्हणाला असतास तरी मी आलो असतो."

आज तो कृत्रिम पायावर चालत या मांडवात आलाय. सिगारेट त्या दिवसापासून बंद.

आता दिलासा देणारं बोलतो. वेळेवर कळलं तर बहुतेकांचा पाय वाचतो. तपासणी साधी आहे. घोट्याजवळचं बीपी मोजायचं आणि त्याला दंडाच्या बीपीने भागायचं. दंडाला १४० आणि घोट्याला ९० असेल तर उत्तर साधारण ०.६४. हा आकडा ०.९ किंवा त्याहून कमी आला तर रक्तपुरवठा कमी आहे. मधुमेहात रोहिण्या कडक झाल्या असतील तर तो फसवा, १.४ च्याही वर येतो. मग डॉप्लर सोनोग्राफीसारखी पुढची तपासणी लागते.

उपचारात पहिलं औषध फुकटचं आहे: चालणं. पोटरी दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. आठवड्यातून किमान तीनदा, अर्धा-पाऊण तास, निदान तीन महिने. चालण्याचं अंतर खरोखर वाढतं. पण पायाला जखम असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. जोडीला तंबाखू बंद, साखर आणि बीपी ताब्यात, कोलेस्टेरॉलची आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी डॉक्टर देतील ती. गरज पडली तर अँजिओप्लास्टी किंवा बायपास. अँजिओप्लास्टी म्हटलं की आपल्याला हृदय आठवतं, पण ती सुरू झाली पायापासून. १६ जानेवारी १९६४ला अमेरिकेत पोर्टलंडला डॉ. चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या एका बाईंची मांडीतली रोहिणी नळीने रुंद केली. त्यांनी पाय कापून घ्यायला नकार दिला होता. त्या स्वतःच्या पायांवर चालत घरी गेल्या.

आणखी एक लक्षात ठेवा. पायात गाळ साठला असेल तर तो हृदयात आणि मेंदूकडे जाणाऱ्या रोहिण्यांतही असण्याची दाट शक्यता असते. असे रुग्ण पायापेक्षा हृदयविकाराने आणि पक्षाघाताने जास्त दगावतात. पोटरी ही सूचना देणारी घंटा आहे.

मधुमेह असलेल्यांनी रोज रात्री पावलं बघा, बोटांच्या बेचक्याही. वाकता येत नसेल तर आरसा घ्या नाहीतर नातवाला दाखवा. भोवरी ब्लेडने कापू नका. पाय शेकू नका. उन्हात तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालू नका, देव रागावत नाही.

उद्या सकाळी अजिंक्यताऱ्यावर चढायचा बेत आहे. शाळेत असताना आपण तो धावत चढायचो. उद्या दम लागेल, गुडघे कुरकुरतील, ते चालायचंच. पण ज्याची पोटरी धरेल आणि थांबल्यावर सुटेल, त्याने लाजून बुटाची नाडी बांधायचं सोंग करू नये. छातीत दाटलं तर तिथेच बसायचं आणि हाक मारायची. पायथ्याला मी आणि कप्तान चहा घेऊन थांबणार आहोत. मी बीपीचं यंत्र आणि छोटा डॉप्लर बरोबर आणलाय.

फोनवर एकदा चुकलो. या वेळी प्रत्यक्ष बघणार आहे.