परसांतील दुध्या भोपळा



ज्या फळाचें नांव घेऊन आपण परीक्षेंत शून्य मिळविणाऱ्या विद्यार्थ्याची थट्टा करतों, त्याविषयीं एका निवृत्त शिक्षकानें बोलावें, यांत थोडी गंमत आहे. नोकरींत असतांना मीं पुष्कळ भोपळे दिले. निवृत्त झाल्यावर ते पिकवूं लागलों.

मृगाच्या पावसानें जमीन ओलावली, कीं दुध्याचें बीं लावावें. उन्हाळी फळें हवीं असल्यास जानेवारी-फेब्रुवारींत. बीं आदल्या रात्रीं पाण्यांत भिजत घालावें. हातभर लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन त्यांत मुरलेलें शेणखत व माती मिसळून भरावी. तीन-चार बिया टोंचून शेवटीं दोन जोमदार रोपें राखावीं. परस नसल्यास गच्चीवरील मोठें पिंपहि चालतें; मात्र त्याच्या तळाला भोकें हवींत. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाचा ‘सम्राट’ हा वाण मांडवावर चांगला येतो. मांडव पुरुषभर उंच असावा, म्हणजे फळ लोंबून सरळ वाढतें व मातीला टेकून कुजत नाहीं.

वेल पसरला, पांढरीं फुलें आलीं, तरी फळ धरत नाहीं, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. प्रथम येणारीं फुलें बहुधा नर असतात. मादी फुलाच्या देठाशीं बोटाच्या पेराएवढें लवदार फळ आधींपासूनच दिसतें. मुख्य वेलापेक्षां बाजूच्या फांद्यांवर मादी फुलें अधिक येतात; म्हणून वेल मांडवावर पोंचतांच त्याचा शेंडा खुडावा. दुध्याचीं फुलें सायंकाळीं उमलतात व दुसऱ्या दिवशीं कोमेजतात. तेव्हां सांजवातीच्या सुमारास एक नर फूल तोडून, त्याच्या पाकळ्या काढून, उरलेला केसर मादी फुलाच्या मध्यभागीं हलकेच फिरवावा. पराग न मिळाल्यास तें इवलेंसें फळ पिवळें पडून गळतें.

फळ धरल्यापासून साधारण पंधरा दिवसांत तें काढण्याजोगें होतें. नख लावून पाहावें; साल सहज टोंचली तर तें कोवळें समजावें. फळ ओढूं नये. देठ ठेवून सुरीनें कापावें. जून फळें वेलावर राहूं दिलीं, तर नवीं कमी धरतात.

दोन तास भिजविलेली हरभऱ्याची डाळ घालून फोडणीला टाकलेला कोवळा दुध्या झांकणाखालीं स्वतःच्याच पाण्यांत शिजतो. वर गोडा मसाला, गुळाचा खडा व ओलें खोबरें घातलें कीं भाकरीबरोबर दुसरें कांहीं लागत नाहीं. सालीहि टाकूं नयेत. तीळ व सुकी मिरची घालून त्यांची कोरडी चटणी करावी.

आतां ज्या गोष्टीसाठीं मीं हें भाषण पत्करलें, ती सांगतों. एके वर्षीं पैसे वांचविण्यासाठीं मीं घरच्याच फळाचें बीं धरून लावलें. भोपळे देखणे आले. पहिला भोपळा चिरतांना पत्नीनें फोड चाखली, ती थुंकली आणि म्हणाली, “अहो, हा कडू आहे. टाकून देतें.” घाम गाळून पिकविलेलें फळ टाकावयाचें? मीं हट्टानें भाजी करावयास लावली, तींत गूळ दुप्पट घालविला, आणि कोणी खाईना म्हणून एकट्यानेंच खाल्ली. तासाभरांत ओकाऱ्या व जुलाब सुरू झाले. रात्र रुग्णालयांत काढावी लागली. जन्मभर मुलांना ‘हट्ट करूं नका’ म्हणून बजावणाऱ्या मास्तरांना त्या रात्रीं स्वतःलाच भोपळा मिळाला!

हा कडूपणा कुकुर्बिटासिन नांवाच्या द्रव्यांचा असतो. शिजविल्यानें तीं नाहींशीं होत नाहींत, गुळानें केवळ झांकलीं जातात. शेजारच्या कडू वेलाचा पराग लागल्यानें त्या वर्षींचें फळ कडू होत नाहीं. परंतु त्या फळाच्या बियांपासून येणारी पुढची पिढी कडू निपजूं शकते. माझ्या परसांत तसेंच घडलें असावें. पाण्याचा ताण पडल्यानेंहि कडूपणा वाढतो. म्हणून बीं खात्रीचें आणावें व वेलाला पाणी नियमित द्यावें.

कडू दुध्याच्या रसानें माणसें दगावल्यावर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनें नेमलेल्या तज्ज्ञांचा अहवाल २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील सल्ला साधा आहे. आधीं लहानसा तुकडा चाखावा. कडू लागल्यास फळ टाकून द्यावें. पोटांत गेल्यावर त्रास होऊं लागल्यास विनाविलंब रुग्णालय गांठावें.

यात्रेकरूंनीं तीर्थोतीर्थीं बुडवून आणलेला भोपळा अखेर कडूच राहिला, ही तुकोबांविषयींची कथा मीं वर्गांत अनेकदां रंगवून सांगितली होती. तीर्थांनीं जें साधलें नाहीं, तें गुळाच्या खड्यानें साधेल, असें मात्र मला वाटलें! काटकसर हा सद्गुण खरा. पण तिची हद्द जिभेनें ठरवावी. आणि चिरणाऱ्या बाईनें ‘कडू आहे’ म्हटलें, तर घरच्या मास्तरांनीं वाद घालूं नये. इतकें सांगून आपली रजा घेतों.