गावदेवाची पालखी



माघातली महाशिवरात्र आली की दासगावापासून महाडापर्यंत एकच बोलणे, "यंदा छबिन्याला येणार ना?" महाडचे ग्रामदैवत श्रीवीरेश्वर. त्याच्या छबिन्याला आसपासच्या गावांतली दैवते पालखीतून भेटीला येतात. विन्हेऱ्याची झोलाई येते, ढोल घुमतात, उंच काठ्या नाचतात आणि मुंबईचा चाकरमानी रजा टाकून हजर होतो. पुढे शिमग्यात गावोगावची पालखी घरोघर फिरते. माणसाने देवळात जावे हे नेहमीचेच. पण वर्षातून एकदा देवच माणसाच्या दारी येतो. या रीतीतले मर्म हेच.

मग पालखी कुणाच्या दारी जाते आणि कुणाच्या नाही, हे विचारायला नको का? २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याचे पाणी प्याले. मागोमाग 'हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार' अशी हूल उठली आणि परिषदेला आलेल्यांना मारहाण झाली. त्याच वर्षी डिसेंबरात बाबासाहेब पुन्हा महाडला आले, ते याच दासगावच्या बंदरात उतरून. तळ्याचा निकाल हायकोर्टात १९३७ साली लागला. मनाचा निकाल मात्र गावानेच लावायचा असतो.

गुरुजी, मुलांना पालखीची वाट कागदावर काढायला सांगा. सगळ्या वाड्या तीत येतात का, ते मुलेच दाखवतील. एखादी राहिली असेल, तर गावकीच्या बैठकीत ती गोष्ट काढा. मानपान जरा बाजूला ठेवला, तर पालखीला चार पावले जास्त चालणे काही जड नाही.