चाल लिहून ठेवूया

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातील अनुभव’ असा विषय दिला आहे. ऑफिसातलं मी काही सांगत नाही; तुमच्या घरातल्या मुलांनाच ते जास्त माहीत असेल. रात्रीची जेवणं आटोपल्यावर सध्या मी जे काम करते, ते सांगते. बाईंनी शिकवलेल्या कवितांच्या चाली मी लिहून काढते आहे.

बारामतीकरांना मोरोपंत (१७२९–१७९४) वेगळे सांगायला नकोत. त्यांच्या आर्या छापलेल्या आहेत. आपण ज्यांना आर्या म्हणतो, त्या बहुतेक गीति आहेत: १२ मात्रा, मग १८, पुन्हा १२, पुन्हा १८. लघूची एक, गुरूच्या दोन, असं मोजलं की लय कागदावरूनच मिळते. पण आवाज कुठे वर न्यायचा, कुठे उतरवायचा, हे आपल्या पाठ्यपुस्तकात नव्हतं. ते बाईंच्या गळ्यातून आपल्या गळ्यात आलं. आपण विसरलो की संपलं.

लिहिण्याची सोय आपल्याकडे जुनी आहे. पेशाने वकील असलेल्या पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिके’त बंदिशी अक्षरं आणि खुणांनी लिहिल्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी. मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर. हाताने लिहायला हे फार सोपं. संगणकावर मात्र ‘सा’वर टिंब दिलं की तो त्याला अनुस्वार समजतो! शिवाय कीबोर्ड, व्हायोलिन शिकणारी आपली मुलं पाच रेघांवरचे स्वर वाचतात.

म्हणून मी लिलीपॉन्ड हे मोफत सॉफ्टवेअर घेतलं. दोन डच वादकांनी १९९६ मध्ये त्याची सुरुवात केली. त्यात माउसने स्वर ओढून ठेवावे लागत नाहीत. साधा मजकूर टाइप करायचा. स्वराला इंग्रजी अक्षर, पुढे कालावधीचा आकडा, वरच्या सप्तकाला अपॉस्ट्रॉफी, खालच्याला स्वल्पविराम. कवितेचे शब्द देवनागरीत वेगळे लिहिले की ते ज्या त्या स्वराखाली जाऊन बसतात. मी ‘सा’ पांढरी एक धरून लिहिते. कुणाला काळी चार हवी असेल तर एक ओळ बदलायची, सगळं पान नव्या पट्टीत येतं.

मोबाइलवर गाऊन ठेवलं तर काय बिघडलं, असं तुम्ही म्हणाल. तेही ठेवाच. पण लिहिलेल्या मजकुराची तुलना करता येते. इंदापूरहून एसटीने येणाऱ्या आपल्या मैत्रिणीनं मला एक आर्या गाऊन पाठवली. ती मी लिहिली, मला आठवणारी चालही लिहिली आणि दोन्ही फाइली शेजारी ठेवल्या. संगणकानं एकच फरक दाखवला. तिसऱ्या चरणाच्या शेवटी माझ्याकडे ‘बी’, तिच्याकडे ‘बेस’. म्हणजे माझा निषाद शुद्ध, तिचा कोमल.

आता कोण बरोबर, हे कोणतंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. सांगू शकेल अशी एकच व्यक्ती आहे आणि ती आज पहिल्या रांगेत बसली आहे. बाई, तुम्ही तिथे कोणता निषाद घेत होतात? की एका वर्गाला एक आणि दुसऱ्याला दुसरा शिकवलात? तसं असेल तर दोन्ही ठेवीन. फाइलला जागा फार लागत नाही.

बाकीच्यांना विनंती: ज्याला जी चाल आठवते, ती आज निघण्यापूर्वी माझ्या फोनवर गाऊन जा. आवाज फाटला तरी चालेल, शब्द चुकले तरी चालतील. शब्द पुस्तकात मिळतील. चाल तुमच्याकडेच आहे. आणि बाईंच्या शेजारची खुर्ची जरा रिकामी ठेवा. जेवणानंतर मी वही आणि लॅपटॉप घेऊन तिथेच बसणार आहे.