अडकित्त्यांसाठी भटकंती



पुण्यात बुधवार पेठेतल्या अप्पा बळवंत चौकातून बाजीराव रस्त्यानं पुढं निघावं. विश्रामबागवाडा मागं टाकावा. थोड्याच वेळात, शुक्रवार पेठेत, राजा दिनकर केळकर संग्रहालय लागतं.

हा संग्रह एका माणसाच्या भटकंतीतून उभा राहिला. एका माणसाच्या!

दिनकर गंगाधर केळकर कवी होते. ‘अज्ञातवासी’ या नावानं लिहायचे. व्यवसाय मात्र चष्म्यांचा. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या नावानं त्यांनी हे संग्रहालय उभारलं.

केळकर गावोगाव हिंडले. महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेरही.

त्यांनी आणलं काय? दिवे... दौती... कुलपं... वाद्यं... कोरीव दरवाजे. पाय घासायच्या वज्र्या! आणि अडकित्ते. कुठं पक्ष्याच्या आकाराचे, कुठं घोड्याच्या. सुपारी कातरायला एवढी कलाकुसर कशाला, असं वाटेल; पण केळकरांची नजर तिथंच थबकली.

कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही त्यांनी इथं आणून पुन्हा उभारले.

पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती.

संग्रह 20 हजारांच्या पुढं गेला. 1975 साली केळकरांनी तो महाराष्ट्र सरकारला दिला. विकला नाही, दिला.

मंडईत खरेदीला गेलात, तर तासभर काढून इथं जरूर डोकावा.